एका पैचा हिशेब

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात, दहावीच्या निरोप समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते सेवानिवृत्त बँक अधिकारी असून शाळेच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यांपैकी एका तुकडीचे विद्यार्थी आहेत.)



शाळेचे निमंत्रणपत्र आले, त्यात एक वाक्य होते. घराबाहेर पडणाऱ्या मुलांना व्यवहारात उपयोगी पडतील आणि आपल्या श्रद्धेला धरून असतील अशा चार गोष्टी सांगाव्यात, असा त्याचा आशय. वाचून मी थोडा घाबरलो. मी कीर्तनकार नाही, प्रवचनकार नाही. एकोणचाळीस वर्षे बँकेत नोकरी केली आणि लोकांच्या खतावण्या तपासल्या. शिवाय निरोप समारंभातील भाषणांचे पुढे काय होते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. आमच्या निरोपाच्या वेळी एक थोर गृहस्थ तासभर बोलले होते. त्यांतले एक अक्षरही आज मला आठवत नाही. पेढ्यांचा पुडा कोणत्या दाराने आत आला, ते मात्र स्वच्छ आठवते. तेव्हा चार गोष्टी सांगण्याचा आग्रह मी सोडून दिला आहे. एकच सांगणार आहे, तीही हिशेबाची.

१९६४ साली ही शाळा सुरू झाली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. भाड्याच्या एका जुन्या देवडीत वर्ग भरत. १९५६ साली हैदराबाद संस्थानाचे तीन वाटे झाले, मराठवाडा तिकडे गेला आणि नोकरीधंद्यासाठी इथेच राहिलेली आमच्यासारखी घरे या शहरात उरली. घरात मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू, अशी आमची त्रिस्थळी यात्रा रोजच घडे. माझे वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात कारकून होते. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन हरिपाठ म्हणत, जेवत, आणि झोपण्यापूर्वी एका लांबट वहीत दिवसाचा खर्च लिहीत. भाजी, दूध, सायकलचे पंक्चर, देवळातल्या पेटीत टाकलेले पाच पैसे, सगळे त्या वहीत असे. शेवटी एक ओळ : हिशेब जुळला. जुळला नाही तर तसेही लिहीत. ‘चार आणे जुळत नाहीत’ अशी ओळ मी त्या वहीत अनेकदा पाहिली आहे. चार आण्यांचा कुठेतरी खर्च दाखवून पान मिटवले, असे मात्र एकदाही पाहिले नाही.

१९७६ साली मला बँकेत नोकरी लागली आणि खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी नेमणूक झाली. काचीगुड्याहून मनमाडला जाणारी गाडी तेव्हा मीटरगेजची होती, रात्रभराचा प्रवास. बाबा स्टेशनवर पोचवायला आले होते. गाडी हलली तेव्हा ते म्हणाले, ‘‘पहाटे औरंगाबाद गेलं की झोपू नकोस. डावी-उजवी बघत राहा, देवगड दिसेल.’’ बस, एवढेच. एकवीस वर्षांच्या मुलाला बाप जन्मात प्रथमच दूर पाठवतो आणि एक किल्ला बघ म्हणून सांगतो, याचे मला नवल वाटले. सकाळच्या कोवळ्या उन्हात दौलताबादचा तो उभा कातळ खिडकीतून दिसला, तेव्हा चौथीत गुरुजींनी सांगितलेली गोष्ट आठवली.

ती गोष्ट तुम्हांलाही ठाऊक असेल. तरी पुन्हा सांगतो, कारण माझे सगळे भांडवल तेवढेच आहे. पैठणचे एकनाथ. आईवडील लहानपणीच गेलेले, आजीआजोबांनी वाढवलेला मुलगा. देवगडावर जनार्दनस्वामींकडे राहायला गेला. जनार्दनस्वामी किल्ल्याचा कारभार पाहणारे अधिकारी. त्यांनी या शिष्याला हिशेबाच्या कामावर बसवले. एके दिवशी जमाखर्चात एका पैची चूक राहिली. एक पै म्हणजे रुपयाचा एकशे ब्याण्णवावा भाग. सगळे झोपले, तरी एकनाथ दिव्याशी वही घेऊन बसून राहिले. उत्तररात्री चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. त्या टाळीने स्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर आयुष्यातली चूक सापडली तर किती होईल, असे काहीसे ते म्हणाले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे.

कीर्तनात या गोष्टीचा भर स्वामींच्या उद्गारावर असतो, आणि ते बरोबरच आहे. माझे मन मात्र, बँकेतला माणूस म्हणून असेल, त्या आधीच्या दोन-तीन तासांपाशी अडते. त्या रात्री नाथांना कोणी विचारणारे नव्हते. किल्ल्याच्या कारभारात एक पै कोण मोजणार? सकाळी ‘जुळले’ म्हणून सांगितले असते तरी कोणाच्या लक्षात आले नसते. तरीही ते बसले. स्वतंत्र होणे म्हणजे काय, याचे माझ्या पाहण्यातले सर्वांत नेमके चित्र हे आहे. आजवर तुम्हांला विचारणारे कोणी ना कोणी होते. गृहपाठ केला का, जेवलास का, इतका वेळ कुठे होतीस? उद्यापासून हे प्रश्न थांबतील. पहिले काही महिने फार मोकळे वाटेल. पण प्रश्न थांबले म्हणजे उत्तर देण्याची गरज संपली, असे नसते. विचारणारा माणूस बाहेरून आत येऊन बसतो, एवढाच फरक. आणि तो आत येऊन बसलाच नाही, तर काय होते, हे मी स्वतःच्या उदाहरणाने सांगू शकतो.

नोकरीला लागून तीन महिने झाले असतील. दिवाळीच्या सुमारास खोलीतल्या एका सोबत्याने एका पतपेढीतून तीन हजार रुपये कर्ज घेतले आणि जामीन म्हणून माझी सही मागितली. मनमिळाऊ माणूस, मला आजारपणात त्याने पेज करून घातली होती. ‘‘नुसती सही आहे रे, पैसे मीच भरणार,’’ असे तो म्हणाला. मी बँकेत काम करणारा! जामिनाचा अर्थ मला ठाऊक असायला हवा होता. करारविषयक कायदा १८७२ सालचा आहे आणि त्यातले १२८ वे कलम सरळ आहे : मूळ कर्जदाराची जितकी जबाबदारी, तितकीच जामीनदाराची. हे कलम मी परीक्षेसाठी पाठ केले होते. सही करताना ते आठवले नाही, किंवा खरे सांगायचे तर आठवू दिले नाही. नाही म्हणायची लाज वाटली.

पुढच्या जूनमध्ये तो नोकरी सोडून निघून गेला. कुठे, ते कळले नाही. पतपेढीची नोटीस माझ्या नावाने आली. मुद्दल आणि व्याज मिळून अडीच हजारांच्या वर रक्कम. माझा पगार पाचशेच्या घरात. दरमहा शंभर रुपयांचा हप्ता ठरला. तोवर मी घरी महिन्याला दोनशे रुपये पाठवीत असे. आता पंचाहत्तर पाठवू लागलो. पत्रात लिहिले की बँकेत कपाती वाढल्या आहेत.

त्या एका वाक्याची किंमत नंतर कळली. माझी धाकटी बहीण, याच शाळेची विद्यार्थिनी, त्याच वर्षी बी.एस्‌सी. झाली होती. तिला उस्मानिया विद्यापीठात पुढे शिकायचे होते. फीचा आणि पुस्तकांचा भरवसा माझ्या दोनशे रुपयांवर होता. ते आले नाहीत. तिने एका शाळेत नोकरी धरली. मला तिने आनंदाने पत्र लिहिले, नोकरी लागली म्हणून. ते पत्र मी पेटीच्या तळाशी ठेवले.

मुलांनो, पैसे गेले याचे मला दुःख आहे, पण ते काळाने भरून आले. जे भरले नाही ते खोटे वाक्य. पैसे गेल्या दिवशीच मी घरी लिहिले असते, तर बाबांनी रेल्वेच्या सोसायटीतून उचल घेऊन तिची फी भरली असती; ते पुढे त्यांनीच मला सांगितले. मी एकटा निस्तरीन, घरच्यांना त्रास कशाला, असे मला वाटत होते, आणि त्याला मी स्वाभिमान हे नाव दिले होते. त्या काळात मी खर्चाची वही लिहिणेही सोडून दिले होते. बाबांनी प्रवासाच्या पिशवीत एक नवी वही घालून दिली होती. नोव्हेंबरपर्यंत पाने भरली आहेत; पुढची कोरी. माणूस वाट चुकला की आधी त्याची वही कोरी पडते, हे मी पुढे शेकडो खातेदारांच्या बाबतीत पाहिले.

१९७८च्या उन्हाळ्यात बाबा अचानक आले. खोलीत आले, पाणी प्याले, कोनाड्यातली वही त्यांना दिसली. त्यांनी ती उघडली, कोरी पाने उलटली आणि मिटून जागेवर ठेवली. काहीच विचारले नाही. संध्याकाळी हरिपाठाला बसले. मलाही बसावे लागले. दोन वर्षांत मी एकदाही म्हटला नव्हता. निम्म्यातच माझा आवाज बसला आणि मी सगळे सांगून टाकले. बाबांनी हरिपाठ पुरा केला. मग म्हणाले, ‘‘वही आण.’’ त्या रात्री दिव्याशी बसून आम्ही दीड वर्षांचा हिशेब आठवून आठवून लिहिला. कुठे पाच रुपये, कुठे बारा. पहाटेपर्यंत पूर्ण जुळला नाहीच. शेवटी बाबांनी लिहिले : अठरा रुपये जुळत नाहीत. आणि झोपले.

आता माझ्या धंद्यातल्या काही गोष्टी. मागच्या रांगांत गेल्या चार-पाच वर्षांत शाळा सोडलेली मुले बसली आहेत. काहींना बंगळूरला, पुण्याला नोकऱ्या लागल्या आहेत. हे विशेषतः त्यांच्यासाठी.

जामिनाचे सांगून झाले. ज्याचे कर्ज स्वतः फेडण्याची तुमची तयारी आणि ऐपत आहे, त्यालाच जामीन राहा. इतरांना प्रेमाने नाही म्हणा. मित्र तुटेल अशी भीती वाटेल. सही न केल्याने मैत्री तुटल्याची जेवढी उदाहरणे मी पाहिली, त्याहून सही केल्याने तुटल्याची कितीतरी अधिक.

तुमच्या पहिल्या पगाराबरोबर क्रेडिट कार्ड चालत येईल. समजा त्यावर २०,००० रुपये थकले आणि पत्रकात लिहिलेली ‘किमान रक्कम’ म्हणून तुम्ही १,००० भरलेत. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरले तर ७०० रुपये झाले. त्यावर अठरा टक्के कर, १२६. हजारातले १७४ रुपये मुद्दलातून वजा झाले. तुम्हांला वाटते आपण भरतो आहोत. वास्तविक जागच्या जागी चालतो आहोत. किमान रक्कम हा शब्द ज्याने शोधला त्याच्या बुद्धीला माझा नमस्कार, पण त्याच्या वाटेला जाऊ नका. पूर्ण भरता येत असेल तरच कार्ड वापरा. मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज देणारी जी अ‍ॅप आहेत, त्यांतली कितीतरी तुमच्या फोनमधले सगळे नंबर आधी मागून घेतात; ते कशासाठी, हे हप्ता चुकला की कळते. आणि पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच, एवढे एक वाक्य आज घरी गेल्यावर आजीआजोबांनाही सांगा. फसलात तर लाजून बसू नका. १९३० हा सरकारी क्रमांक त्याच क्षणी फिरवा. पहिला तास महत्त्वाचा असतो. चूक लपवण्यात जो वेळ जातो तोच चोराच्या उपयोगी पडतो. मी दोन वर्षे दिली होती.

कोणी म्हणेल, यात श्रद्धा कुठे आली? तुकोबांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली, त्यांना पैशाचे काय, आणि तुम्ही आम्हांला व्याज शिकवता! एका तरुणाने मला हे खरोखरच विचारले होते, आणि तो स्वतः तेव्हा बँकेचा थकबाकीदार होता. मी त्याला म्हटले, बाबा रे, कथा नीट ऐक. तुकोबांनी बुडवली ती लोकांकडून येणे असलेल्या पैशांची खते. कोणाचे देणे त्यांनी बुडवले नाही. तीही, परंपरा सांगते त्याप्रमाणे, निम्मी भावाची म्हणून वेगळी काढून दिली आणि आपल्या वाट्याचीच बुडवली. वैराग्यातही वाटणी चोख. आपल्या संतांच्या चरित्रांत चमत्कार आहेत, पण त्यांच्या मागे अशी व्यवहाराची शिस्त उभी आहे, तिकडे आपले लक्ष कमी जाते. सावता माळी, गोरोबा कुंभार, सेना न्हावी, नरहरी सोनार ही नावेच पाहा. नावाबरोबर धंदा चिकटलेला आहे आणि त्याची कोणाला लाज वाटलेली नाही.

तुमच्यांतल्या प्रत्येकाच्या घरी हरिपाठ असेलच असे नाही. कोणाकडे गणपतीची आरती असेल, कोणी बुद्धवंदना म्हणत असेल, कोणी रविवारी चर्चला जात असेल, कोणाचे आईवडील देव मानतच नसतील. खानदेशातले माझे घरमालक पाच वेळा नमाज पढणारे होते. हप्त्यांच्या दिवसांत माझे भाडे दोन-तीनदा थकले, त्यांनी हटकले नाही. एकदा मी त्यांना विचारले, तुम्हांला राग कसा येत नाही? ते म्हणाले, येतो. पण रागावेपर्यंत पुढच्या नमाजाची वेळ होते. हैदराबादेत वाढलेल्या मला हे उत्तर परके वाटले नाही. सांगायचे एवढेच, की दिवसातली पंधरा-वीस मिनिटे अशी राखा, जिथे तुम्हांला कोणाकडून काही मिळवायचे नाही आणि कोणाला काही दाखवायचे नाही. घरी जे चालते त्याचाच धागा धरा. नवे गुरू शोधायला निघू नका. परक्या शहरात एकटे पडलेल्या मुलाला गाठून शांती विकणारे पुष्कळ असतात. ज्याच्या दारात आधी नाव नोंदवून पैसे भरावे लागतात, त्या दारापुढून सरळ पुढे जा. आणि नवसाच्या फार आहारी जाऊ नका, असे माझे मत आहे. पालकांपैकी काहींना ते आवडणार नाही. नवस हा करार असतो, आणि करारात दोन्ही बाजू एकमेकांकडे संशयाने पाहतात. परीक्षेच्या वेळी मी तो करून पाहिला आहे. उपासनेत मागणे नसते. आपण कसे वागलो ते कोणापुढे तरी मनातल्या मनात सांगणे असते. वही लिहिणे आणि हरिपाठ म्हणणे या बाबांच्या दोन सवयी एकापाठोपाठ एक का होत्या, हे मला फार उशिरा उमगले.

एकटेपणाविषयीही थोडे. तो येईलच. पहिल्या पावसाळ्यात येतो, ताप आला की येतो, सणाच्या दिवशी मेसला कुलूप असले की हमखास येतो. पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला दोनदा चालत गेलो, निवृत्तीनंतर. तिथे एक पाहिले. लाखो माणसांत कोणी सुटे चालत नाही. प्रत्येकाची दिंडी ठरलेली, दिंडीचा क्रमांक ठरलेला, जेवणाची भिशी आधी भरलेली, आणि मुक्कामाला पोचल्यावर कोण आले, कोण मागे राहिले याची चौकशी. माझ्या पायाला फोड आले तेव्हा मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी चालवेना, तेव्हा दिंडीतल्या एका म्हातारीने मला झापले. काल सांगितले असतेस तर काल तेल लावले असते, म्हणाली. तिला मी बँकेतला साहेब होतो याचे काहीच वाटले नाही. नव्या गावी गेल्यावर पहिल्या महिन्यातच आपली दिंडी शोधा. तीन-चार माणसे पुरतात. त्यांतले एक तरी वयाने मोठे असावे आणि एकाला तरी तुमच्या घरचा फोन नंबर ठाऊक असावा.

भाषेची काळजी पालकांना फार असते. मुले बाहेर गेली की मराठी संपेल, असे या सभागृहात गेली साठ वर्षे बोलले जात आहे. वर्गातली संख्या पाहता ती भीती खोटी नाही. आमच्या वेळी एका वर्गात पन्नास मुले होती, यंदा दहावीला तुम्ही बावीस आहात. पण नामदेवांचे उदाहरण पाहा. पंढरपूरचा हा शिंपी उत्तरेत पार पंजाबात घुमानपर्यंत गेला, तिथल्या लोकांच्या बोलीत बोलला. त्यांची एकसष्ट पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत. त्यांनी विठ्ठल सोडला नाही आणि पंजाबला परके मानले नाही. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्या घुमानला भरले, तेव्हा सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा एक माणूस आपल्याला तिकडे बोलावत होता. तुम्ही ज्या गावी जाल तिथली भाषा मनापासून शिका. भाजीवाल्याशी तिच्यात बोला. आणि घरी फोन केलात की मराठीत बोला, दोन्ही जमते. आम्ही दखनी आणि मराठी एकाच जिभेवर साठ वर्षे सांभाळली, आमचे काही बिघडले नाही. थोडे उच्चार बिघडले असतील.

पालकहो, तुम्हांलाही एक विनंती. एकनाथ देवगडाला गेले ते घरी न सांगता, असे चरित्रकार सांगतात. आजीआजोबांनी रडून डोळे सुजवले. त्यांना दूषण देणारा मी कोण? पण मुले न सांगता केव्हा जातात, न सांगता केव्हा वागतात, याचा विचार आपण करावा. सांगितल्यावर काय होईल याचा अंदाज मूल आधी घेते. माझ्या वडिलांनी मला कधी मारले नव्हते, फारसे ओरडलेही नव्हते. तरी मला दोन वर्षे धीर झाला नाही. मग जिथे आरडाओरडा होतो त्या घरातल्या मुलाचे काय होत असेल? आज फोनमुळे मूल कुठे आहे ते ठिपक्यावरून कळते. तो ठिपका पाहून समाधान मानू नका. मी खानदेशात कुठे होतो हे बाबांनाही नेमके ठाऊक होते. मूल चूक सांगायला आले तर आधी वही आणायला सांगा, बोलायचे ते सकाळी बोला. आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षीच महिन्याची एक लहानशी रक्कम पूर्णपणे त्यांच्या हाती द्या. घोटाळे शंभर रुपयांत होऊन जाऊ देत.

माझा शेवटचा हप्ता १९७९च्या ऑगस्टमध्ये फिटला. बहिणीला काय सांगायचे ते मी बाबांना विचारले होते. ते म्हणाले, ‘‘ते मी सांगणार नाही. ते तुझं खातं.’’ मी सांगितले नाही. सणाला भेटलो, भाऊबीज झाली, तिचे लग्न झाले, तिला मुले झाली, तिने त्याच शाळेत गणित शिकवत तिथूनच निवृत्ती घेतली, एम.एस्‌सी. राहिलेच. मी सांगितले नाही. आजच्या भाषणाची टिपणे काढायला बसलो तेव्हा मात्र पंचाईत झाली. तुमच्यापुढे उभे राहून हिशेबाविषयी बोलायचे आणि माझ्या खात्यात ही नोंद उघडीच, हे जमेना. गेल्या महिन्यात तिच्या घरी गेलो आणि सांगितले.

ती शांतपणे शेंगा सोलत होती. म्हणाली, ‘‘दादा, बाबा गेल्यावर त्यांच्या वह्या कोणी आवरल्या? मला वीस वर्षं माहीत आहे.’’ वहीत बाबांनी लिहिले होते म्हणे, माझ्याकडून पंचाहत्तर आले, उरलेल्यांचे तोच सांगेल. मी विचारले, मग तू कधी बोलली का नाहीस? ‘‘सांगणार तू होतास,’’ ती म्हणाली. मग थोड्या वेळाने : ‘‘पण फार उशीर केलास. व्याज किती झालं असेल, मोज.’’ हसत म्हणाली, पण सगळे हसण्यावारी नव्हते. मला ते कळले. मोजता येण्यासारखे ते व्याज नाही.

आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. बाहेर व्हरांड्यात टेबलावर तुमच्यासाठी वह्या ठेवल्या आहेत. आडव्या रेघांच्या, दोनशे पानी, साध्या. आमच्या वेळी जूनमध्ये घालत तशी खाकी कव्हरे तिने प्रत्येक वहीला स्वतः घातली आहेत. पहिल्या पानावर आजची तारीख आहे, बाकी काही लिहिलेले नाही. जाताना एकेक घेऊन जा. वह्या पंचवीस आहेत आणि तुम्ही बावीस. उरलेल्या तीन तिला परत द्यायच्या आहेत; तिने मोजून दिल्या आहेत.